पोटाशी बांधलेली बाजरी

त्या माणसानं पोटाला काय बांधलंय, यावर जुन्या मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, पैजा लागायच्या. हमाल म्हणायचे, सोनं आहे. समोरचे हॉटेलवाले रशीदभाई म्हणायचे, ऑपरेशनचा टाका उसवलाय. मी म्हणायचो, बियाण्याच्या कंपनीचा माणूस आहे, त्याच्या पोटात काय असतं ते मला विचारा, मी आयुष्यभर तेच बाहेर काढत आलोय.

आम्ही सगळेच हरलो. भर दुपारी ते माझ्या दुकानात आले, नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ सदरा वर केला. पोटाला ओल्या फडक्याची गुंडाळी बांधलेली. ती त्यांनी सोडली, माझ्या गल्ल्याशेजारी उलगडली, आणि बारशाला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "शेठ, बघा. जन्मली!"

फडक्यावर बाजरीचे दाणे होते, प्रत्येकाला पांढरी शेपटी फुटलेली.

"साहेब," मी म्हणालो, "कंपनीनं तुम्हाला टेबल-खुर्ची दिली नाय का?"

"दिली आहे. पण टेबलाला ऊब नसते."

त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. घेतलं तर कुणीतरी त्यांचा सत्कार करील, आणि ते मला चालणार नाही. माझा त्यांच्याशी हिशेब बाकी आहे. पैशाचा नाही. पैशाचा असता तर मी तो केव्हाच वसूल केला असता. मोंढ्यात कुणालाही विचारा.

मी गंगापूरकडचा. या मोंढ्यात पोती वाहिली, मग हातगाडी ओढली, मग दुकान टाकलं. कुणी सांगितलेल्या पहिल्या भावाला मी जन्मात 'हो' म्हटलेलं नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आणि जिल्ह्यात त्या कंपनीच्या संकरित बाजरीची एजन्सी फक्त माझ्याकडं होती. ती मिळवायला मी कंपनीच्या दारात जेवढं भांडलो, तेवढं भाऊबंदांशी बांधावरूनही भांडलो नाही.

साहेब कोकणातले. शेतकी कॉलेजात शिकलेले. पोटाला बी बांधायची खोड कुठून लागली, असं विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले, वसतिगृहात उंदीर प्रयोगाचं बी खायचे, म्हणून अंगावर बांधायला लागलो. एकदा म्हणाले, आई आजारी कोंबडीची अंडी पदराखाली धरायची. मला उंदीर खरे वाटतात. त्या माणसाला कोंबडीएवढी माया असती, तर माझ्याशी तो तसा वागला नसता.

कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथून प्रत्येक मालाला पास झाल्याचा कागद यायचा. साहेब तो कागद वाचायचे, घडी करायचे आणि बाजूला ठेवायचे. "तिथं बी जावयासारखं राहतं, शेठ. वेळेवर पाणी, वेळेवर ऊब. शेतात त्याला कोण विचारतो?" मग मूठभर बी घ्यायचे, त्याला चोळलेलं औषध नीट धुवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि पोटाला बांधायचे. तरी औषधाचा रंग राहायचाच. हंगामात त्यांच्या बनियनला गुलाबी पट्टा असायचा.

त्या दिवसांत ते थंड पाणी पीत नसत. म्हणे, पोट गार पडतं. पालथे झोपत नसत. एसटीत बायका त्यांच्या ओल्या सदऱ्याकडं बघून चुकचुकत आणि जागा देत. ते बिनदिक्कत बसत. मी एकदा म्हणालो, "अहो, त्या तुम्हाला आजारी समजतात." तर म्हणाले, "समजू द्या. बी बसून आलं पाहिजे. उभ्यानं धक्के लागतात."

गंगापूरला माझ्या साडूच्या मुलीच्या लग्नात मी त्यांना नेलं. पंगतीत साडूच्या थोरल्या भावाची नजर त्यांच्या फुगलेल्या पोटावर गेली.

"पाव्हणं, जिलब्या बांधून घेतल्या काय?"

"नाही हो. बाजरी आहे."

"लग्नात बाजरी कोन आणतं?"

साहेबांनी पंगतीतच गुंडाळी सोडली. मोड बघून म्हाताऱ्या बायका धावल्या. लग्नघरात धान्य रुजलेलं दिसलं, केवढा शकुन! एकीनं हळदकुंकू वाहिलं. साहेब ताडकन उठले. "बाई, नमुना बिघडला! आता परत बांधावं लागेल!" सगळा मांडव हसला. साहेब हसले नाहीत. जिलबी टाकून बी मागायला माझ्याकडं आले.

तर असा माणूस. आता आमच्या भांडणाचं मूळ सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा.

कंपनीची पिशवी मोठी असायची, बागायतदाराच्या मापाची. पण आमच्याकडं खुलताबादच्या, वेरूळच्या टेकाडांवर ज्याची त्याची जमीन ती केवढी! कुणाचा अर्धा एकर, कुणाचा त्याहून कमी. असं गिऱ्हाईक आलं की मी पिशवी फोडायचो आणि सुटं बी तोलून द्यायचो. सगळा मोंढा द्यायचा. मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही. भुकेल्याला कोणी अख्खं पोतं घ्यायला लावतं का?

साहेबांना मात्र फोडलेली पिशवी म्हणजे खून. "शेठ, पिशवी फुटली की कंपनीची जबाबदारी संपली. त्यात कोण काय मिसळतं, हवा लागते, पाणी लागतं. नाही उगवलं तर हा माणूस कोणाचा गळा धरणार?"

"माझा धरंल. रोज धरत्यात. मी मेलोय का?"

एक दिवस ठकूबाई आली. वेरूळच्या वरच्या अंगाची धनगरीण, कपाळ भरून कुंकू, खांद्यावर घोंगडं. भाव करण्यात तिचा हात धरणारा मी सोडून कुणी नव्हता, आणि आमचं दरसाल व्हायचं.

"शेठ, अर्ध्या एकराचं बाजरीचं बी द्या."

मी पिशवीला सुरी लावली. साहेबांनी पिशवीच्या तोंडावर पंजा ठेवला. "फोडायची नाही."

"आवं, मंग अख्खी घिऊन मी काय आंथरू का काय?" ठकूबाई म्हणाली.

"साहेब, हात काढा. कापंल."

"कापू दे."

दुकानात माणसं गोळा झाली. माझं डोकं सटकलं. मी सुरी आपटली आणि ओरडलो, "मग कंपनीला सांगा की पुड्या काढायला! चहाच्या निघत्यात, तंबाखूच्या निघत्यात, बाजरीच्या काढा! कंपनीनंच मोजाव्यात, कंपनीनंच शिवाव्यात! मी कशाला फोडू मग?"

साहेबांनी पिशवीवरचा पंजा काढला. मला वाटलं, जिंकलो. ते ठकूबाईकडं वळले. "बाई, केवढी पुडी लागेल तुम्हाला?"

"अर्ध्या एकराची. सांगितलं न्हवं?"

"आणि कुठं मिळाली तर बरं?"

"लासूरच्या बाजारात. तिथं मी शेरडं विकाया जातेच. हितं यायचं म्हंजी दिवस मोडतो, शेरडं काय शेठच्या बापावर टाकू?"

"बापाला मध्ये आणू नको," मी म्हणालो.

"बरं, शेठवर टाकते."

साहेब चहा न घेता निघून गेले. ते थेट कंपनीत गेले, हे मला पुढच्या हंगामात कळलं. माझ्या दारात ट्रक उभा राहिला, आणि आत लहान लहान शिवलेल्या पिशव्या! अर्ध्या एकराच्या! मी एक हातात घेतली, वर फेकली, झेलली. माझं ओरडणं पिशवी होऊन आलं होतं. रशीदभाईंना हाक मारली, सगळ्या दुकानाला चहा सांगितला.

चहा घशाखाली उतरतोय तोच ट्रकबरोबर आलेले साहेब म्हणाले, "या सगळ्या इथं ठेवायच्या नाहीत. लासूरला, फुलंब्रीला, वेरूळला, बाजारातल्या किराणावाल्यांकडं पाठवायच्या. गिरणीवाले ठेवत असतील तर त्यांच्याकडंही."

"किराणावाले? मिरचीशेजारी बी?"

"मिरचीपासून लांब. तेही मी बघीन."

मी दिवसभर भांडलो आणि शेवटी सौदा जमला: माल जाईल बाजारोबाजारी, पण माझ्या दुकानातून. जिल्ह्याची एजन्सी माझीच. त्यांची अट एकच. त्यांच्या पोटानं पास केल्याशिवाय एकही पिशवी दुकानाबाहेर जाणार नाही. मी हसत हसत टाळी दिली. मला वाटलं, पोटाचं काय एवढं?

त्या हंगामात लहान पिशव्या अशा उडाल्या, की बघत राहावं! जी माणसं मोंढ्याची पायरी चढत नव्हती ती लासूरच्या बाजारात मिठाबरोबर शिवबंद बी घेऊ लागली. त्याच्या पुढच्या साली मागणी एवढी, की पेरणी तोंडावर आली तरी माल पुरेना. कंपनीनं घाईघाईनं नवा माल भरून पाठवला. साहेबांनी त्यातलं मूठभर पोटाला बांधून नेलं, आणि आम्ही निकालाची वाट बघत बसलो. दुकानासमोर गर्दी. बाजारचे किराणावाले टेम्पो घेऊन उभे, आणि लासूरला माल संपला म्हणून स्वतः ठकूबाई पायरीवर येऊन बसलेली.

साहेब आले. गर्दीनं वाट दिली. सदरा वर झाला, गुंडाळी सुटली, फडकं गल्ल्यावर पसरलं. मी वाकून पाहिलं. कुठंतरी एखादी शेपटी. बाकी दाणे जसेच्या तसे, घोड्याला घालायच्या लायकीचे.

साहेब गर्दीकडं वळले आणि आपल्याच कंपनीच्या मालाबद्दल मोठ्यानं म्हणाले, "हे बी उगवत नाही. कुणी नेऊ नका."

माझ्या कानात घण पडले. दुकानावर पाटी माझी! पास झाल्याचा कागद माझ्या खिशात! आणि हा माणूस भर गिऱ्हाइकात!

"तुमच्या पोटाला थंडी वाजली असंल!" मी ओरडलो. "रात्री काय खाल्लं? ताक प्यालात का?"

"ताक सोडलंय."

"एका पोटावर निकाल नाय मानायचा मी! पोटं वाढवा!"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बांधा की मंग सगळ्यांच्या!" आणि जे सुरू झालं, ते मोंढ्यानं ना आधी पाहिलं होतं, ना नंतर. मी धोतर फाडलं. साहेबांनी वेगवेगळ्या पिशव्यांतलं बी काढलं, धुतलं, मोजून दिलं. हमालांचा मुकादम पुढं झाला, त्याच्या पोटाला दोन फडकी लागली. रशीदभाई रस्ता ओलांडून आले.

"सेठ, मेरे पेट पे बांधो. दिनभर भट्टी के सामने खडा रैता मैं. मेरे पेट में तो पत्थर कू भी कोंब फुटता!"

ठकूबाईनं फडकं हिसकावून घेतलं आणि आडोशाला जाऊन लुगड्याच्या आत कंबरेला बांधून आली. "शेठ, तुमचं?"

"माझं काय?"

"तुमाला पोट नाय व्हय?"

सगळे हसले. मीही बांधलं. ओलं फडकं पोटाला लागलं आणि अंगावर काटा आला, तो मी लपवला. दोन दिवस सगळा मोंढा सदऱ्यावरून पोट दाबत हिंडत होता. कुणी कुणाला धक्का देईना. भांडणं लांबून झाली. मी घरी जेवताना घास मोजून खाल्ले, बायको म्हणाली, "बाळंतपण सासरी करायचंय का माहेरी?" खरं सांगतो, मी पोटावर हात ठेवून त्या दाण्यांना म्हणत होतो: उगवा रे. लाज राखा. एकट्या साहेबाचं पोट खोटं पाडा.

ठरल्या दिवशी गल्ल्यावर फडकी उलगडली. मुकादमाचं आधी. मग रशीदभाईंचं. मग ठकूबाईचं. शेवटी माझं. सगळीकडं तेच. निम्मेही दाणे जागे झाले नव्हते. भट्टीसमोरचं पोटही हरलं.

कुणी ओरडलं नाही, हेच वाईट. ओरडणाऱ्याला मी उत्तर देऊ शकतो. माणसं नुसती माझ्याकडं बघत होती. आभाळ भरलेलं, जमीन नांगरून तयार, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडं होतं ते मेलेलं बी. मोठा शेतकरी दुबार पेरतो. अर्ध्या एकरवाल्याचा हंगाम एकदा चुकला की चुकला.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडून मॅनेजर म्हणाला, "कागद पास आहे ना? मग विका. पोटाचं काय घेऊन बसलात?"

मी फोन आपटला. आता माझा राग साहेबांवरून उठून योग्य जागी बसला होता. "चढवा माल!" मी हमालांना सांगितलं. "ट्रक परत!" सगळी फडकी गोळा केली. साहेब ट्रकमध्ये चढले, मी चढलो, आणि मागून ठकूबाई.

"तू कुठं?"

"माझ्या पोटाचं मीच सांगीन."

कंपनीचं गोदाम चिकलठाण्याच्या अंगाला. मॅनेजरच्या काचेच्या टेबलावर मी एकेक फडकं पसरत गेलो. तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ही काय पद्धत आहे? शास्त्रात हे बसत नाही."

ठकूबाई पुढं झाली. "सायेब, ह्या पोटाला चार लेकरं झाली. समदी उगवली. तुमची बाजरीच तेवढी उगवंना!"

दारात उभे असलेले कारकून फिसकन हसले. मॅनेजर लाल झाला, आणि माझ्या ध्यानात आलं की हीच वेळ. लोखंड तापलंय! मी खुर्ची ओढली. असा सौदा मी त्याआधी केला नाही, त्यानंतर केला नाही. मी दरडावलं, मी गोंजारलं, उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हणालो, हा माल शेतात गेला तर तुमच्या पिशवीला लासूरच्या बाजारात शेळीसुद्धा तोंड लावणार नाही. शेवटी त्यानं कबूल केलं: चांगला माल आहे, पण तो दुसऱ्या जिल्ह्यासाठी मोठ्या पिशव्यांत भरलाय. मी म्हणालो, माझे हमाल इथं येतील, साहेबांच्या डोळ्यांदेखत लहान पिशव्या भरतील आणि शिवतील.

"आणि वाटप?" तो म्हणाला. "तुमच्या दुकानातून फिरत जायला आता वेळ नाही. कंपनीची जीप थेट बाजारांत माल टाकेल. आणि ती एकदा सुरू झाली की पुढंही तशीच. एजन्सी सोडत असाल तर आत्ता गोदाम उघडतो."

बघा त्याची चलाखी! मी म्हणालो, या सालापुरती जीप. तो म्हणाला, कायमची. मी म्हणालो, निम्मे बाजार माझे. तो म्हणाला, नाही. मग मी साहेबांकडं पाहिलं. फक्त एक शब्द हवा होता. 'शेठनं स्वतःच्या पोटाला बांधलं, शेठनं माल परत आणला, त्यांची एजन्सी राहू द्या.' एवढं त्यांनी म्हटलं असतं, तर तो मॅनेजर वाकला असता. मी माणसं ओळखतो.

साहेबांनी पोटावर हात फिरवला आणि म्हणाले, "जीप बरी. लासूरच्या बाजाराला वेळेत पोचेल."

मी ठकूबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. काचेतून आभाळाकडं बघत होती.

"दिली!" मी ओरडलो. "घ्या एजन्सी! उघडा गोदाम!"

आणि काय दिवस गेला तो! हमाल भरतायत, मुकादम तोलतोय, साहेब शिवण तपासतायत, ठकूबाई सगळ्यांना शिव्या देतेय, आणि मी हातगाडीच्या दिवसांसारखा पाठीवर पोती मारतोय. चांगल्या मालाची कसोटी साहेबांनी आधीच करून ठेवली होती. तो दुसऱ्या जिल्ह्याचा माल त्यांच्या पाठीला बांधलेला होता! पुढं एक, मागं एक! त्यांनी सोडून दाखवलं, पांढऱ्या शेपट्यांचं जंगल. जीप निघाली तेव्हा मी टोपी हवेत उडवली.

टोपी खाली आली आणि मला आठवलं, माझी एजन्सी गेली.

त्या साली टेकाडांवर बाजरी अशी आली, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. पुढं दुसऱ्या कंपन्यांनीही लहान पिशव्या काढल्या आणि बाजारोबाजारी पाठवल्या. कंपनीनं समारंभ केला, साहेबांना बढती दिली, विदर्भात पाठवलं. समारंभात 'लहान पिशवीचे जनक' म्हणून त्यांना शाल दिली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. अक्कल माझी, ओरडणं माझं, एजन्सी माझी गेली, आणि शाल त्यांना! त्या दिवसापासून मी हा दावा मनात चालवतोय. तारखा पडतायत.

परवा क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. रस्त्याकडेला एक म्हातारा उभा. वाळलेला, पांढरा, पण सदरा पोटाशी ओला! मी स्कूटर आडवी घातली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"साहेब!"

"शेठ!" ते म्हणाले, कालच भेटल्यासारखे. "जावयाकडं आलोय. त्याला थोडी जमीन आहे. बी बघतोय."

"ते ऱ्हाऊ द्या. आधी एक सांगा. लहान पिशवीची अक्कल कुणाची?"

मी दम धरला. एवढ्या वर्षांची तारीख लागली होती. 'तुमची' म्हणाले असते, तर मी तिथल्या तिथं सगळं माफ केलं असतं. 'माझी' म्हणाले असते, तर भांडायला चौक पुरला नसता.

"ठकूबाईची," ते म्हणाले. "ती शालही मी तिलाच नेऊन दिली. म्हणाली, घोंगड्यापुढं ही काय ऊब देणार! म्हणून शेळीच्या करडावर घातली."

"ठकूबाईची? अहो, ओरडलो मी!"

"ओरडलात तुम्ही. मागितलं तिनं."

"मागत तर ती सूर्यसुद्धा होती! चहाच्या पुडीचं कोण बोललं? शिवायचं कोण बोललं?"

शिट्टी मारत पोलीस आला. साहेबांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. ते माझ्या सदऱ्याकडं बघत होते. पोटाशी तो ओला झाला होता. दरसाल होतो. दुकान आता मुलगा बघतो, कागद तो वाचतो, पण त्या भानगडीपासून माझ्या दुकानातून एकही पिशवी पोटानं पास केल्याशिवाय बाहेर गेलेली नाही.

"कोणती?" साहेबांनी विचारलं.

"बाजरीच. दुसरी काय?"

"उघडा."

"आधी तुमची."

"नको, एकदम."

पोलीस म्हणाला, "ओ काका, हे काय चाललंय भर चौकात?" तोवर आम्ही दोघांनी सदरे वर केले होते. स्कूटरच्या सीटवर फडकी शेजारी शेजारी पसरली. मी वाकलो, ते वाकले. पोलीसही वाकला.

माझी जास्त उगवली होती. हे मी सांगतो म्हणून नव्हे, पोलिसाला विचारा.

साहेबांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हेच बी जावयाला द्या, शेठ. अर्ध्या एकराची पिशवी. भाव काय?"

मी भाव सांगितला. आणि त्या माणसानं, ज्यानं माझी एजन्सी घालवली, माझी अक्कल एका धनगरणीच्या नावावर लावली, त्यानं मी सांगितलेल्या पहिल्या भावालाच 'हो' म्हटलं! घासाघीस नाही, काही नाही! मी भांडू कुणाशी?